कंट्रोलर साहेबांचा हिमालय

भगवंतरावांच्या हातून चूक झाली ती एवढीच, की वामनरावांनी "कुठं निघाले?" असं विचारलं तेव्हा त्यांनी "हिमालयात" असं सांगून टाकलं.

खरं उत्तर लांब होतं. भूतान नावाच्या देशात, पार पूर्वेला, ल्हुंत्से नावाचा एक आडबाजूचा जिल्हा आहे. तिथं डोंगराच्या टोकांवर मठ आहेत. आणि खोमा नावाच्या गावात बाया कमरेला पट्टा बांधून, पाय ताणून बसतात आणि मागावर रेशमाचं कापड विणतात. ते विणणं बघायला भगवंतराव आणि त्यांची बायको सत्यभामाबाई निघाले होते. पण देऊळगाव राजाच्या बसस्थानकासमोर, हातात चहाचा कप असताना, एवढं सगळं सांगत बसायचं म्हणजे चहाचं पाणी होणार. शिवाय भगवंतराव एसटीत तेहतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाडी कुठं जाते ते माणसाला एका शब्दात सांगायचं ही त्यांची जन्माची सवय. जालना म्हणजे जालना, मेहकर म्हणजे मेहकर. तसं हिमालय म्हणजे हिमालय.

वामनरावांनी कप खाली ठेवला, चपला काढल्या आणि भर रस्त्यात भगवंतरावांच्या पायांना हात लावला.

आता देऊळगावात साठी उलटलेलं जोडपं हिमालयात निघालं म्हणजे ते बद्री-केदारला निघालं आणि येताना काशी करणार, यात कोणाला शंका असण्याचं कारण नाही. फिरायला म्हणून हिमालयात जातात ती नवी लग्नं झालेली पोरं. आणि यात्रेला निघालेल्या माणसाच्या पाया पडायचं असतं, मग तो वयानं लहान का असेना. वामनराव तर भगवंतरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, खताच्या दुकानाचे मालक, गावात वजन असलेले. भगवंतरावांनी त्याच क्षणी "अहो, तसं नाही" म्हणायला हवं होतं. ते म्हणणारही होते. पण तेहतीस वर्षांच्या नोकरीत प्रवाशांनी त्यांची दोनदा कॉलर धरली होती, पायांना मात्र कोणी हात लावला नव्हता. तो लागला तेव्हा बरं वाटलं. आणि बरं वाटण्यात जो एक सेकंद गेला, त्यात सगळा घात झाला.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर आठ-नऊ बायका, प्रत्येकीच्या हातात नारळ आणि खण. मध्ये सत्यभामाबाई पाटावर बसलेल्या. त्यांची ओटी भरणं चालू होतं आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की भगवंतरावांनी सायकल लावायला मुद्दाम वेळ घेतला.

बायका गेल्या. सत्यभामाबाईंनी मांडीवरचे नारळ एकेक करून खाली ठेवले.

"या बायायले कोनी सांगतलं का आपन यात्रेले जाऊन राह्यलो?"

"कोनी सांगतलं नाही. मी फक्त हिमालय म्हटलं."

"मंग बाकीचं काऊन नाही म्हटलं?"

मग सत्यभामाबाई जे बोलल्या ते त्यांच्या चाळीस वर्षांच्या संसारातलं सगळ्यात लांब भाषण होतं.

"हे पाहा. मी जालन्याले गेली ते नणंदेच्या बाळंतपणाले. अकोल्याले गेली ते लग्नायले. मेहकरले गेली ते माय वारली तवा. शेगावले गेली ते तुमच्या बदलीच्या नवसाले. कुठंबी गेली तं कोनाच्या तरी कामाले गेली, नाही तं देवाच्या. एक डाव मले कोनाच्याच कामाले नाही जायचं. समीक्षानं मोबाइलवर दाखवलं न, ती बाई सुई न लावता कपड्यावर फूल उठवते? सारी जिंदगी वाकळा शिवल्या मी. सुईबिगर फूल कसं उठते ते मले पाह्याचं हाय. बस, पाह्याचं हाय. अन् आता हे एवढे नारळ कोनाच्या नावानं फोडू?"

समीक्षा म्हणजे त्यांची पुण्याची लेक. प्रवास कंपनीचं आरक्षण तिनंच केलं होतं, आईसाठी. वडील सोबतीला म्हणून.

"उद्याच्या उद्या साऱ्यायले खरं सांगतो," भगवंतराव म्हणाले. त्या वेळी ते त्यांना अगदी सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते खरं सांगायला बाहेर पडले ते थेट तानुबाईंच्या तावडीत सापडले. तानुबाई वय वर्षं ऐंशी. चारी धाम केलेल्या. देऊळगावात यात्रेसंबंधी कुठलीही शंका आली की ती शेवटी त्यांच्या ओसरीवर जाते आणि तिथं निकाली निघते. त्यांनी भगवंतरावांना काठीनं थांबवलं आणि नियम सांगितले. निघण्याआधी घरोघर जाऊन चुकलंमाकलं माफ करा म्हणायचं. वाटेत कोणाशी भांडायचं नाही. आल्यावर सरळ घरात शिरायचं नाही, वेशीजवळच्या मारुतीत बसायचं, मग वाजतगाजत आणतील तेव्हा यायचं. आणि मग मावंदं. यात्रेहून आलेल्यानं गावाला जेवू घालायचं, ज्यानं त्यानं गंगाजल घ्यायचं, तेव्हा ती यात्रा देवाच्या दारी लागली असं समजायचं.

"पन तानुमावशी, आमचं जरा येगळं हाय..." भगवंतरावांनी सुरुवात केली.

"साऱ्यायलेच वाटते आपलं येगळं हाय," तानुबाई म्हणाल्या. "गंगेत उतरल्यावर समजते."

तिथून ते वामनरावांकडे गेले. निदान पहिली चूक जिथं झाली तिथं तरी ती दुरुस्त करावी. वामनराव दुकानात एकटेच बसले होते. भगवंतरावांनी तोंड उघडण्याआधीच त्यांनी गल्ल्यामागून लाल फडक्यात बांधलेला तांब्या काढून पुढं ठेवला.

"दादा," वामनराव म्हणाले.

वामनरावांचे थोरले बंधू दिवाळीआधी वारले होते. अस्थी गंगेत सोडायच्या म्हणून राखून ठेवल्या होत्या, पण वामनरावांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि राहूनच गेलं. त्यांनी परत भगवंतरावांच्या पायांना हात लावला आणि त्या गुडघ्यानं पुन्हा उठताना त्यांना फळी धरावी लागली. अशा माणसाला "आम्ही कापड बघायला चाललो आहे" हे कुठल्या तोंडानं सांगायचं? भगवंतराव दादांना घेऊन घरी आले. सत्यभामाबाईंनी तांब्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि देवघराखालची जागा रिकामी करून दिली.

मग काय, दार उघडंच पडलं. अभिषेकाच्या चिठ्ठ्या आल्या, सत्तावीस नावांच्या. आणि बाटल्या आल्या. रिकाम्या. गंगाजलासाठी. पाण्याच्या, सरबताच्या, खोकल्याच्या औषधाच्या, एक तर फिनेलची, "तीन डाव गरम पान्यानं धुतली" अशा हमीसकट. प्रत्येकीवर पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. एकूण तेवीस. घरातली मोठी बॅग या बाटल्यांनीच भरली आणि सत्यभामाबाईंचं स्वेटर हातात राहिलं.

इतक्यात समीक्षाचा फोन आला, की भूतानला आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट पाहिजे, नाही तर मतदार ओळखपत्र. सत्यभामाबाईंचं ओळखपत्र डब्यात नवंकोरं होतं. भगवंतरावांचं मात्र पंधरा वर्षं शर्टाच्या खिशात राहून घामानं धुतलं गेलेलं. फोटोत चेहरा उरला नव्हता, मिशा तेवढ्या शिल्लक होत्या.

ते तहसील कचेरीत गेले. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "कार्ड कशाले पाहिजे? आता निवडणूक कुठं हाय?"

"परदेशात जायचं हाय."

"मंग सहा-अ भरा. परदेशात राह्यनाऱ्या मतदाराचा."

"मी राह्यत नाही. पंधरा दिवसांत वापस येतो."

"मंग परदेश काऊन सांगून राह्यले?" बाबूनं सहा-अ परत घेतला आणि आठ नंबर दिला. "हा घ्या. यात टिक करा, पत्ता बदलला का नाव चुकलं का कार्ड खराब झालं."

"कार्ड खराब झालं."

"मंग हा ऑनलाइन करा लागते."

भगवंतराव खिडकीपासून मागं सरले. तेहतीस वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. "लोणार गाडी कधी?" असं विचारणाऱ्याला त्यांनी "बोर्डावर लिहेल हाय" असंच उत्तर दिलं होतं, आणि ते पूर्ण उत्तर आहे असं त्यांना वाटत आलं होतं. खिडकी बाहेरून अशी दिसते हे त्यांना माहीत नव्हतं.

सुटका केली ती धम्मशीलानं. मागच्या गल्लीतली अंगणवाडी सेविका. मतदार यादीचं कामही तिच्याकडेच. ती ओट्यावर बसली, मोबाइलवर भगवंतरावांचा फोटो काढला, फॉर्म भरला आणि चहा यायच्या आत काम संपवलं. भूतान म्हटल्यावर तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. "तिकडं बुद्धाचे मठ हायेत. उंचावर असतात, दम लागते, सावकाश चढा," एवढं तिनं सांगितलं. मग सत्यभामाबाईंकडे वळून विचारलं, "ताई, तुम्हाले तिथं काय पाह्याचं हाय?"

पंधरा दिवसांत घराचा उंबरा पन्नास-साठ माणसांनी झिजवला होता. हे कोणीच विचारलं नव्हतं. सत्यभामाबाई तिला अर्धा तास सांगत बसल्या: फूल, पट्टा, उभे धागे, आडवे धागे. भगवंतराव आत चिठ्ठ्या लावत बसले होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. आपल्यालाही हे माहीत नव्हतं, असं त्यांच्या लक्षात आलं आणि ते थोडे ओशाळले. पण कार्ड आलं.

निघायच्या दिवशी बसस्थानकावर निम्मं गाव. हार, गुलाल, पेढे. मलकापूर गाडी फलाटावर उभी होती. तिथून पुढं हावड्याची रेल्वे. सध्याच्या नियंत्रकानं माइकवरून जाहीर केलं, "आपले माजी वाहतूक नियंत्रक भगवंतराव साहेब सपत्नीक हिमालय यात्रेकरता प्रस्थान करीत आहेत." त्या भोंग्यातून भगवंतरावांनी लाखभर गावांची नावं पुकारली असतील, स्वतःचं कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. त्यातच गाडी बारा मिनिटं उशिरा सुटली, आणि ती आपल्यामुळं, हे कळल्यावर त्यांना मलकापूरपर्यंत स्वस्थ बसवलं नाही.

हावड्याचा बेत पक्का होता. तिथं गंगाच आहे. नाव हुगळी असलं तरी गंगाच. गाडीतून उतरायचं, घाटावर जायचं, दादांना सोडायचं, बाटल्या भरायच्या आणि सियालदह स्टेशनवर जाऊन दुसरी गाडी धरायची. हातात चार तास होते. घाट कुठला ते विचारायला भगवंतराव चौकशीच्या खिडकीवर गेले. आत बसलेला माणूस त्यांच्याच वयाचा निघाला, निवृत्तीला तीन महिने उरलेला. दोघांनी मोडक्या हिंदीत एकमेकांना आपापली वेळापत्रकं सांगितली. पावसाळ्यात कुठली गाडी कुठं अडकते, प्रवासी कसे वाचत नाहीत. तेहतीस वर्षांत त्यांना असा माणूस भेटला नव्हता. सत्यभामाबाई सामानापाशी बसल्या होत्या. त्यांनी खूण केली, मग हाक मारली, शेवटी येऊन शर्ट ओढला, तेव्हा पाऊण तास उरला होता.

टॅक्सी केली. ती भल्यामोठ्या पुलावर चढली. खाली गंगा, अथांग, पिवळसर, सकाळच्या उन्हात चमकणारी. भगवंतरावांच्या मांडीवर तांब्या.

"भैया, यहां दो मिनट रोको," ते म्हणाले.

"यहां नहीं रुकता," ड्रायव्हर म्हणाला.

"बस, एक आदमी को उतारना है."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मागं दोनच माणसं होती. त्यानं गाडी आणखी जोरात काढली. गंगा खालून गेली, दादा वरून गेले. सियालदहला गाडी मिळाली, पण भगवंतराव तो दिवस आणि पुढची रात्र तांब्याकडे पाठ करून बसले. त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सीमेवरच्या अधिकाऱ्यानं नवं कार्ड पाहिलं, मिशा जुळवल्या आणि तांब्याकडे बोट केलं. "इसमें क्या है?"

"बडे भाई हैं," भगवंतराव म्हणाले. मग खुलासा म्हणून, "हमारे नहीं. वामनराव के."

अधिकाऱ्यानं घाईघाईनं परवान्यावर शिक्का मारला.

राजधानी थिंफूहून ल्हुंत्से तीन दिवसांच्या रस्त्यावर. वळणावर वळण, खाली दरी, वर ढग, आणि भगवंतराव प्रत्येक वळणावर "हॉर्न" असं पुटपुटत होते. गाईड चाळिशीतला, शांत, हिंदी बोलणारा. तो तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "उद्या परतीचा रस्ता कामासाठी दिवसभर बंद राहणार, आपल्याला आजच परत फिरावं लागेल. मठ आणि खोमा दोन्ही बाजू वेगळ्या. दोन्ही नीट होणार नाही. एक ठरवा."

एका बाजूला सत्तावीस चिठ्ठ्या, नऊ नारळ, तेवीस बाटल्या, दादा, मावंदं आणि देऊळगावातलं तोंड. दुसऱ्या बाजूला एक बाई मागावर बसलेली.

"दोन्ही करू," ते सवयीनं म्हणाले. "लवकर लवकर."

सत्यभामाबाईंनी हातातलं स्वेटर घातलं, त्या गाडीत बसल्या आणि नारळाची पिशवी मांडीवर घेतली. चाळीस वर्षं अशीच कुठली ना कुठली पिशवी त्यांच्या मांडीवर होती, हे भगवंतरावांना त्या वेळी, त्या थंडीत, पहिल्यांदा दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं. आपण हिला इथपर्यंत आणलं ते पुन्हा गावाच्याच कामाला.

त्यांनी पिशवी ओढून घेतली. "तू गाईडसंगं खोम्याले जा. हे सारं मी पाह्यतो."

"एकटी?"

"हाव, एकटी. मी ड्रायव्हरले घेऊन जातो."

सत्यभामाबाईंना देऊळगावचा बाजाररस्तासुद्धा त्यांनी एकटीनं ओलांडू दिला नव्हता. त्या एकदा त्यांच्याकडे आणि एकदा दरीकडे बघून उतरल्या आणि गाईडच्या मागं पायवाटेनं खोम्याकडे निघाल्या.

मग भगवंतरावांनी जे केलं त्याची त्यांना स्वतःलाही नीट संगती लागत नाही. धापा टाकत ते मठात चढले. एका म्हाताऱ्या भिक्षूसमोर नऊ नारळ मांडले. भिक्षूनं एक उचलला, कानाशी हलवून आतलं पाणी ऐकलं आणि लहान मुलासारखा हसला. मग सगळे नारळ त्यानं मूर्तीपुढं बिस्किटांच्या पुड्यांशेजारी ओळीनं ठेवले. भगवंतरावांनी सत्तावीस नावं मोठ्यांदा वाचली, बसस्थानकावर वाचत तशीच, प्रत्येक नाव दोनदा. भिक्षूनं ती डोळे मिटून ऐकली आणि शेवटी आपला मंत्र जोडला. कोणाचा अभिषेक कोणाला लागला हे सांगता येणार नाही, पण नाव एकही राहिलं नाही.

राहिले दादा. मठाखालून नदी वाहत होती, हिरवीगार, आवाज करत. ड्रायव्हरनं तिचं नाव सांगितलं, कुरीछू. भगवंतरावांनी उगाच विचारलं, "ये आगे कहां जाती है?" ड्रायव्हरनं मोबाइलवर नकाशा काढला. कुरीछू पुढं मानसला मिळते. मानस आसामात ब्रह्मपुत्रेला. आणि ब्रह्मपुत्रा पार खाली, बांगलादेशात, गंगेला.

भगवंतरावांनी नकाशा तीनदा बघितला. असा मार्ग त्यांना समजत होता. थेट गाडी नाही, तीन ठिकाणी बदली आहे, पण जाते. त्यांनी आधी वरच्या बाजूला जाऊन तेवीस बाटल्या भरून घेतल्या. मग खालच्या बाजूला उतरून तांब्याचं फडकं सोडलं आणि हात जोडून दादांना मार्ग नीट सांगितला: "कुरीछूमार्गे मानस, मानसमार्गे ब्रह्मपुत्रा, ब्रह्मपुत्रामार्गे गंगा. मधात उतरू नका." ड्रायव्हर टोपी काढून बाजूला उभा राहिला.

खोम्याला पोचले तेव्हा दुपार टळली होती. एका घराच्या ओट्यावर सत्यभामाबाई पाय ताणून बसल्या होत्या. त्यांच्या कमरेला पट्टा होता आणि पट्ट्याला माग. शेजारी त्यांच्याच वयाची एक बाई त्यांची बोटं धरून धागा कुठून उचलायचा ते दाखवत होती. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींनाही कसली अडचण दिसत नव्हती. भगवंतराव अंगणात उभे राहिले. खोकले. तिकडे कोणी बघितलं नाही. शेवटी त्यांनी हाक मारली, "चाला आता."

सत्यभामाबाईंनी मान वर केली. "आत्ता तं आले तुम्ही," त्या म्हणाल्या. "थांबा जरा."

त्यांना मागावर बसून तीन तास झाले होते.

परत आल्यावर तानुबाईंच्या नियमाप्रमाणं त्यांना वेशीजवळच्या मारुतीत बसवलं. मिरवणूक चार वाजता, तेव्हा सकाळी नऊपासून दोघं देवळात. तिथून त्यांच्या घराची गच्ची दिसत होती, गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा. "मले आंघोळ करू द्या घरी जाऊन," असं सत्यभामाबाई तीनदा म्हणाल्या आणि तीनही वेळा पाचपन्नास माणसांनी त्यांना प्रेमानं खाली बसवलं.

वामनराव लंगडत आले. "दादा गंगेले लागले न?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. पण भगवंतरावांनी खरं ते सगळं सांगितलं. हिमालय कुठला, पूल, टॅक्सी, कुरीछू, तीन बदल्या. सांगून झाल्यावर मान खाली घातली आणि कॉलर धरली जाण्याची वाट बघितली.

वामनरावांनी बोटांवर नद्या मोजल्या. "म्हंजे पोचले नाहीत अजून?"

"मार्गावर हायेत."

"दादा तसा सरळ रस्त्यानं कधी गेलाच नाही," वामनराव म्हणाले. मग उपरण्यानं डोळे पुसले. "पन जालन्याच्या पुढंबी गेला नव्हता बिचारा. आता दोन देश पाह्यले त्यानं. ब्येस झालं."

मावंद्याला अंगणात मांडव घातला होता. वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. बाटल्या वाटल्या गेल्या. हे पाणी गंगेचंच आहे, फक्त अजून गंगेला पोचायचं आहे, असं भगवंतराव प्रत्येकाला समजावत होते आणि प्रत्येक जण डोक्याला लावून घेत होता. पहिली पंगत उठल्यावर तानुबाईंना खुर्ची दिली गेली. त्यांनी सत्यभामाबाईंना समोर बसवलं. बायका भोवती जमल्या.

"आता सांग बाई. तिथं आमच्यासाठी काय मागतलं?"

सत्यभामाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. "काई नाही मागतलं, मावशी."

"असं कसं?"

"मी मठात गेलीच नाही. एका बाईपाशी बसली होती, मागावर. सुई लागतच नाही तिले. बोटानं उभा धागा उचलते अन् त्याच्याखालून रंगीत धागा घालते, एक-एक. मलेबी करू देलं. माझं चुकलं तं तिनं उसवलं, पुन्हा लावलं. तीन घंट्यांत एवढं झालं." त्यांनी बोटाचं अर्धं पेर दाखवलं. मग चेहरा वर केला. खोटं बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. "रागावू नका मावशी. पन तीन घंटे मले तुमची कोनाची याद नाही आली. घराची नाही, ह्या मानसाची नाही, समीक्षाची नाही, देवाची नाही. माझा गुडघा दुखते, त्याचीबी नाही."

भगवंतराव मांडवाच्या खांबाकडे सरकले. आता मावंदं रद्द, यात्रा रद्द, सगळंच रद्द.

तानुबाई काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या.

"मी चारी धाम केले," त्या म्हणाल्या. "बद्रीनाथाच्या दारात उभी राह्यली. समोर देव, अन् माझ्या डोळ्यापुढं म्हैस. दूध कोनं काढलं असन, रेडकू कोनं सोडलं असन. द्वारकेले गेली, म्हैस. जगन्नाथाले, म्हैस. रामेश्वरले गेली तवा म्हैस इकून झाली होती, तरी म्हैसच. कोनाले सांगतलं नाही आजपावतो. एक घडी मन रिकामं नाही झालं बाई माझं."

त्या काठीच्या आधारानं उठल्या, कोणाला काही कळायच्या आत वाकल्या, आणि सत्यभामाबाईंच्या पायांना हात लावला. सत्यभामाबाई "मावशी, मावशी" म्हणत पाय ओढत होत्या, पण तानुबाईंची पकड घट्ट होती. त्या सरल्या तशी मागची पुढं आली, तिच्या मागं तिसरी. धम्मशीला बाजूला उभी राहून हसत होती. सत्यभामाबाईंना रडू आवरत नव्हतं.

भगवंतराव गळ्यात हार घालून मांडवाच्या खांबाशी उभे होते. त्यांच्याकडे कोणी आलं नाही. नक्की काय झालं ते त्यांना समजलं नव्हतं. यात्रा झाली का नाही झाली, हेही कोणी सांगितलं नव्हतं. थोडा वेळ वाट बघून ते बायकांच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा सत्यभामाबाईंनी डोळे पुसत वर पाहिलं.

"तुम्ही काऊन उभे राह्यले?"

"मले काई समजलं नाही," भगवंतराव म्हणाले. "लाइन होती, म्हून लागलो."

सत्यभामाबाईंनी त्यांच्या मागं वाढत चाललेली रांग बघितली आणि पाय थोडे पुढं केले. "मंग आटपा लवकर," त्या म्हणाल्या, "मागच्या बाया खोळंबल्या."